आपल्या आवारातले यंत्रमानव

शिरूर तालुक्यातले कारेगाव हे पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचे, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले गाव. या वसाहतीत मोटारी तयार होतात, शीतकपाटे आणि धुलाईयंत्रे तयार होतात. मोटारीच्या कारखान्यात पत्र्यांना डाग देऊन ते जोडण्याचे काम यंत्रमानवाचे हात करतात. ठरलेल्या जागी हात पुढे होतो, ठिणग्या उडतात, हात मागे येतो. दिवसभर, रात्रभर, न कुरकुरता.

कारखान्यांची कुंपणे संपली की शेते सुरू होतात. बाजरी दाण्यावर आली की एखाद्या बांधावर तुम्हांला एक निराळेच यंत्र दिसेल. पत्र्याची पाती कापून केलेला पंखा, त्याला सायकलच्या चाकाचा तुंबा, त्या आसाला साखळीने टांगलेला एक नट, आणि नटाच्या वाटेत बांधलेले एक जुने स्टीलचे ताट. वारा आला की पंखा फिरतो, नट ताटावर आपटतो, ठणठणाट होतो आणि पाखरांचा थवा भुर्रकन उडून जातो. पूर्वी या कामासाठी माचाणावर कोणीतरी गोफण घेऊन बसे. बहुधा ते काम घरातल्या एखाद्या मुलाकडे येई आणि त्याची शाळा बुडे.

आता सांगा, या दोहोंपैकी यंत्रमानव कोणता? कारखान्यातला हात, असे तुम्ही लगेच म्हणाल. ताटवाल्या पंख्याला यंत्रमानव म्हटले तर वर्गात हशा पिकेल. पण हसण्यापूर्वी यंत्रमानव म्हणजे काय, हे जरा ठरवून घेऊ.

‘रोबो’ हा शब्द मुळात झेक भाषेतला. कारेल चापेक या झेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले. त्यातल्या कृत्रिम कामगारांना नाव काय द्यावे, हा प्रश्न त्याचा भाऊ योसेफ याने सोडवला. झेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठ. म्हणजे ‘रोबो’चे खरे भाषांतर ‘वेठबिगार’ असे व्हायला हवे होते! मराठीत आपण ‘यंत्रमानव’ म्हणू लागलो आणि घोटाळा झाला. मानव म्हटले की डोके, दोन हात, दोन पाय आणि चौकोनी तोंडात लुकलुकणारे दिवे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. कारखान्यातल्या हाताला डोके नसते, पाय नसतात, आणि त्याचे काही अडतही नाही.

मी माझ्या विद्यार्थ्यांना एक सोपी कसोटी देतो. यंत्राचा आकार पाहू नका. ते काम करण्यापूर्वी किंवा करताना बाहेरच्या जगाला काही प्रश्न विचारते का, ते पाहा. प्रश्न विचारणे म्हणजे काहीतरी मोजणे: उजेड आहे का, पाणी कुठवर आले, वाटेत अडथळा आहे का. उत्तरानुसार ज्याचे वागणे बदलते, ते यंत्रमानवाच्या कुळातले. ही काही पाठ्यपुस्तकातली व्याख्या नव्हे. पण हौसेखातर किंवा सोयीखातर घरी केलेल्या यंत्रांची पारख करायला ती फार उपयोगी पडते.

बहिरे वादक

गावोगावच्या मंदिरांत आरतीच्या वेळी वाजणारे विजेचे नगारे तुम्ही पाहिलेच असतील. लोखंडी चौकट, त्यात नगारा, वर एक-दोन घंटा, बाजूला झांजांची जोडी. बटण दाबले की सगळे एकदम सुरू. वादक जमवायची यातायात वाचली.

याची रचना मोठी गमतीची आहे. साधी विजेची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. एवढ्या वेगाने नगारा वाजवणे शक्यच नाही. म्हणून मोटरच्या आसावर ५ सेंटिमीटरची लहान कप्पी, तिच्यावरून पट्टा २० सेंटिमीटरच्या मोठ्या कप्पीवर; वेग चौथाई झाला, ३६० फेरे. त्या आसावरून पुन्हा ५ सेंटिमीटरची आणि ३० सेंटिमीटरची जोडी. आता मिनिटाला ६० फेरे, म्हणजे सेकंदाला एक. या शेवटच्या आसावर खुंट्या बसवलेल्या असतात. खुंटी टिपरीचे मागचे टोक खाली दाबते, पुढचे टोक वर उचलले जाते; खुंटी निसटली की टिपरी नगाऱ्यावर पडते. आसावर दोन खुंट्या असतील तर सेकंदाला दोन ठोके.

ठोके आणखी जलद हवेत म्हणून खुंट्या वाढवल्या तर काय होईल? टिपरीचे टोक २० सेंटिमीटर उचलले जाते असे समजू. ते निव्वळ गुरुत्वाकर्षणाने खाली पडते. नववी-दहावीत शिकलेले सूत्र आठवा: अंतर = ½ × गुरुत्वत्वरण × काळाचा वर्ग. त्यावरून पडायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. चार खुंट्या बसवल्या तर प्रत्येक ठोक्याच्या वाट्याला ०.२५ सेकंद येतात. उचलायला कसाबसा ०.०५ सेकंद उरतो. सहा खुंट्या बसवल्या तर वाट्याला ०.१७ सेकंदच येतात. मग टिपरी नगाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच पुढची खुंटी तिला अधांतरी पकडून पुन्हा वर नेते. मोटर जिवाच्या आकांताने फिरते आहे, टिपऱ्या थरथरत आहेत, आणि नगारा गप्प! यावर तोडगा म्हणजे टिपरीला स्प्रिंग लावणे, म्हणजे ती गुरुत्वाकर्षणापेक्षा अधिक त्वरणाने खाली येते.

पण आपल्या कसोटीवर हा नगारा अगदी नापास आहे. आरती कोणती चालली आहे, लय संथ आहे की द्रुत, आरती संपली की चालू आहे, यांतले काहीच तो विचारत नाही. सगळे हात जोडून उभे आहेत, आरती संपून मंत्रपुष्पांजली सुरू झाली आहे, आणि खटका बंद करायला कोणी धावत जाईपर्यंत नगारा आपला दणदणतोच आहे, हा प्रसंग बहुतेकांनी अनुभवला असेल. बांधावरचा ताटवाला पंखाही तसाच. पाखरे आली आहेत की नाहीत, याची त्याला दाद नाही. त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ठरावीक काळाने होणाऱ्या आवाजाला पाखरे लवकर सरावतात. वाऱ्याचा नेम नसतो, म्हणून ताट कधी वाजेल याचाही नेम नसतो. मोटरऐवजी वारा वापरला यात खर्च तर वाचलाच, पण बेभरवसा हा गुणही पदरात पडला.

गणेशोत्सवातले हलते देखावे ही याच घराण्यातली, पण अधिक कसबी मंडळी. राक्षसाचा हात उगारला जातो, देवीचा त्रिशूळ पुढे येतो, राक्षस मान टाकतो, दिवे बदलतात, निवेदन संपते, आणि राक्षस पुन्हा मान वर काढतो. पुण्यातले असे देखावे पाहायला गावोगावचे लोक येत आले आहेत. पडद्यामागे डोकावायची संधी मिळाली तर सोडू नका. एक लहान मोटर, तिच्यावर अंडाकृती चकती, चकतीवर टेकलेली दांडी आणि दांडीला जोडलेला राक्षसाचा हात. चकतीचा फुगीर भाग आला की हात वर. कोणत्या क्षणी काय व्हायचे, हे सावकाश फिरणाऱ्या एका रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकून ठरवता येते. पट्टी संपर्काखाली आली की दिवा लागतो, सरकली की विझतो. तो रूळ म्हणजे देखाव्याची स्मरणशक्ती. जुन्या स्वयंचलित धुलाईयंत्रांतही असाच फिरता रूळ असे.

ही युक्ती फार जुनी आहे. अल्-जझरी या अरबी यंत्रज्ञाने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात नावेत बसून वाद्ये वाजवणाऱ्या बाहुल्यांचे वर्णन आहे; त्यांचे हात रुळावरच्या खुंट्या हलवत. त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, धारच्या भोज राजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या, दाराशी पहारा करणारे यंत्रपुरुष, नाचणाऱ्या पुतळ्या असे त्यात बरेच काही येते. ती यंत्रे नेमकी कशी जोडावीत, ते मात्र ग्रंथात सांगितलेले नाही. अज्ञानामुळे नव्हे, गुपित राखण्यासाठी, असा खुलासाही त्यातच केलेला आहे. गृहपाठ दाखवायला तयार नसलेला वर्गमित्र असेच काहीसे सांगतो! त्यामुळे यातली किती यंत्रे प्रत्यक्षात चालत होती, याबद्दल छातीठोकपणे बोलता येत नाही. मात्र नोकराचे काम बाहुलीने करावे ही हौस हजार वर्षांपूर्वीही होती, एवढे नक्की.

पहिला प्रश्न

प्रश्न विचारणारे सर्वांत साधे यंत्र तुमच्या घरीच असेल. संडासाच्या टाकीतला तरंगता गोळा. पाणी चढले की गोळा चढतो आणि त्याची दांडी नळाचे तोंड दाबून बंद करते. पाणी उतरले की नळ उघडतो. ‘टाकी भरली का?’ हा एकच प्रश्न तो अखंड विचारत असतो, आणि उत्तर मिळताच स्वतःचे काम थांबवतो. यंत्राने केलेल्या कामाचा परिणाम पुन्हा यंत्राकडेच बातमी म्हणून येणे, याला शास्त्रात प्रत्याभरण किंवा फीडबॅक म्हणतात.

गच्चीवरची टाकी भरली की गाणे म्हणणारी पेटी अनेकांकडे असते. पाण्यात सोडलेल्या दोन तारांपर्यंत पाणी पोचले की मंडल पूर्ण होते आणि गाणे सुरू. इथे उत्तर यंत्र शोधते, पण काम माणसाला करावे लागते. हौशी मुले विचारतात, ‘सर, गाण्याऐवजी मोटरच बंद केली तर?’ अवश्य करावी. पण एक गंमत होते. टाकीच्या काठाशी एकच संवेदक ठेवला आणि ‘पाणी लागले की मोटर बंद, पाणी सुटले की मोटर चालू’ असा नियम केला, तर कोणी तांब्याभर पाणी घेतले तरी मोटर सुरू होते, चार सेकंदांत बंद होते, पुन्हा सुरू होते. दिवसभर हा उचकीचा खेळ चालतो आणि खटक्याचे संपर्क जळतात. उपाय असा की संवेदक दोन ठेवावेत, एक वर आणि एक बराच खाली. खालचा उघडा पडला तरच मोटर चालू, वरच्याला पाणी लागले तरच बंद. मधल्या टप्प्यात आधी जे चालले असेल तेच चालू द्यायचे. इस्तरीतला तापनियंत्रकही असेच दोन तापमानांमध्ये अंतर ठेवतो. प्रश्न विचारावा, पण उतावळेपणाने विचारू नये, असा हा प्रकार आहे.

मध्यरात्रीचा ‘ऑटो’

आता जरा गंभीर यंत्राकडे वळू. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळायची, ही पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. अलीकडे सौरऊर्जेमुळे काही ठिकाणी दिवसा वीज मिळू लागली आहे. पण जिथे रात्रपाळी आहे तिथे शेतकऱ्याने मध्यरात्री उठून विहिरीवर जायचे, हिरवे बटण दाबायचे. वाटेत साप-विंचू असतात. शिरूर, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात उसाच्या रानात बिबट्याही असतो, आणि त्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. घरी झोपेत असलेल्या माणसाचे काम यंत्राने करावे, ही इथे हौस उरत नाही. तो जिवाचा प्रश्न होतो.

मग कोणी विचारील, वीज आली की पंप आपोआप का सुरू होत नाही? मुद्दामच होत नाही. स्टार्टरमध्ये एक विद्युत्चुंबक असतो. हिरवे बटण दाबले की तो संपर्क ओढून धरतो. वीज गेली की चुंबकत्व जाते, संपर्क सुटतात, आणि वीज परत आली तरी ते सुटलेलेच राहतात. पंप दुरुस्त करताना कोणाचा हात त्यात असेल आणि अचानक वीज आली, तर अनर्थ होऊ नये म्हणून ही योजना. पण रोज रात्री उठायचे कोणी? यातून ‘ऑटो’ आला. स्टार्टरच्या पेटीला जोडलेली ही छोटी पेटी हिरवे बटण दाबायचे काम करते.

चांगला ऑटो प्रश्नही चांगले विचारतो. तिन्ही फेज आहेत का? त्या काही सेकंद टिकल्या का? एखादी फेज नसताना मोटर चालवली तर उरलेल्या फेजांतून जादा विद्युत्प्रवाह वाहून गुंडाळी जळते, म्हणून हा प्रश्न मोलाचा. काही पेट्या पुढचाही प्रश्न विचारतात: विहिरीत पाणी आहे का? आणि हे त्या पाण्याला न शिवता, प्रवाह मोजून ओळखतात. पंप कोरडा चालू लागला तर प्रवाह वाढेल असे वाटते ना? उलट तो कमी होतो, कारण उचलायला पाणीच नाही. प्रवाह फार उतरला की पेटी समजते, विहिरीने तळ गाठला, आणि मोटर बंद करते.

तरीही महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगत असते की ऑटोस्विच काढून टाका. असे का? हिशेब करून पाहू.

असे समजा की एका रोहित्रावर, म्हणजे गावाच्या भाषेत ‘डीपी’वर, पाच अश्वशक्तीचे ११ पंप आहेत. रोहित्राची क्षमता ६३ केव्हीए. दाब ४१५ व्होल्ट धरला तर ते प्रत्येक फेजमध्ये सुमारे ८८ अँपियर प्रवाह सुखाने देऊ शकते. पाच अश्वशक्तीचा पंप नीट चालू असताना सुमारे ७.५ अँपियर घेतो. अकरा पंपांचे झाले ८२.५ अँपियर. म्हणजे सगळे ठीक आहे.

पण स्थिर असलेली मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. एका पंपाचे ४५ अँपियर. शेतकरी एकेक करून आले, दहा मिनिटांच्या अंतराने बटणे दाबली, तर रोहित्राला काही वाटत नाही. परंतु अकराही ठिकाणी ऑटो आहेत. रात्री वीज येते, अकराही पेट्या आपापले प्रश्न विचारतात, सगळ्यांना ‘होय’ असे उत्तर मिळते, आणि सगळ्या एकाच वेळी बटण दाबतात. मागणी झाली ४९५ अँपियर, क्षमतेच्या साडेपाचपटींहून अधिक!

पुढचे संकट त्याहून मोठे. एवढ्या ओढीने दाब कोसळतो. मोटरचे सुरुवातीचे पीळबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब ७० टक्क्यांवर आला तर पीळबल ४९ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर येते. मग मोटरी वेग घेऊ शकत नाहीत. आणि वेग घेत नाहीत तोवर जादा प्रवाह ओढतच राहतात. कधी फ्यूज जातो, कधी मोटरी जळतात, कधी रोहित्रच जळते. रोहित्र जळले की नवे मिळेपर्यंत अकराही शेते कोरडी. ज्या सोयीसाठी पेटी आणली, तिच्यामुळे उभे पीक वाळायची वेळ!

इथे चूक कोणत्या एका पेटीची आहे? प्रत्येक पेटी आपल्या विहिरीपुरती शहाणीच आहे. फक्त ‘शेजारच्यांनी आत्ताच सुरू केला आहे का?’ हा प्रश्न तिला ठाऊक नाही. तो विचारता येईल का? एक सोपी वाट अशी की प्रत्येक पेटीने वेगवेगळा वेळ थांबावे: एकीने २० सेकंद, दुसरीने ४०, तिसरीने ६०. थांबायचा वेळ पेटीवर बसवून घेता येतो. शेतकऱ्यांनी एकत्र बसून तो वाटून घ्यायला हवा. दुसरी वाट, सुरू करण्यापूर्वी दाब मोजणे. तो खाली घसरलेला असेल तर शेजारी सुरू होत आहेत असे समजून आणखी थोडे थांबणे. ही दुसरी वाट तुमच्यापैकी कोणी प्रयोगशाळेत बॅटरीवरच्या चार छोट्या मोटरी घेऊन तपासून पाहिली तर विज्ञान प्रदर्शनात तिच्याभोवती गर्दी होईल. खऱ्या स्टार्टरच्या पेटीला मात्र हात लावायचा नाही.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आणखी एक वाट काढली. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रणेत पंपाजवळच्या पेटीशी मोबाईलवरून बोलता येते. वीज आहे का, हे घरबसल्या कळते आणि तिथूनच पंप चालू-बंद करता येतो. २००९ साली तिला नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले. इथे निर्णय पुन्हा माणसाकडे आला, पण माणसाला अंधारात चालत जावे लागत नाही. मला स्वतःला ही विभागणी आवडते.

पाबळ, आणि गुरगुरणारा मिक्सर

असे काही स्वतः करून पाहावे असे वाटले तर कुठे जावे? शिरूर तालुक्यातच पाबळ नावाचे गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे खाद्यतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठे पद. ते सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत ज्यांचे जमले नाही अशा मुलांनी हातांनी काम करत विज्ञान शिकावे, हा त्यांचा ध्यास. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, सगळे करत करत शिकायचे.

याच पाबळला २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ सुरू झाली. संगणकावर काढलेल्या आकृतीबरहुकूम पुठ्ठा, लाकूड, प्लॅस्टिक कापणारी यंत्रे, मंडलाचे पत्रे कोरणारी यंत्रे एका खोलीत ठेवायची आणि ज्याला जे हवे ते त्याने करावे, अशी ही कार्यशाळा. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी ही एक, आणि ती उभी राहिली दुष्काळी पट्ट्यातल्या एका खेड्यात! दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिनाची जुळणी पाहणे, असल्या गावाच्या गरजेच्या उपकरणांवर तिथे काम सुरू झाले. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रम चालू आहे.

या फॅब लॅबचे मूळ एमआयटीतल्या नील गेर्शनफेल्ड या प्राध्यापकांच्या एका वर्गात आहे. ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ अशा अर्थाचे नाव असलेला हा वर्ग त्यांनी १९९८ मध्ये सुरू केला. विद्यार्थी संशोधनाची गंभीर उपकरणे करतील अशी अपेक्षा असताना मुलांनी स्वतःला हव्या त्या अतरंगी वस्तू केल्या. केली डॉब्सन या विद्यार्थिनीने ओरडण्याची पिशवी केली. चारचौघांत किंचाळावेसे वाटले तर पिशवीत तोंड घालून किंचाळायचे. बाहेर आवाज नाही. नंतर एकांत मिळाला की पिशवी ती किंकाळी परत ऐकवते! दुसऱ्या एकीने असा झगा केला की कोणी फार जवळ आले तर त्यावरच्या तारा साळिंदराच्या काट्यांसारख्या ताठ उभ्या राहतात. गर्दीच्या एसटीत फार उपयोगी पडेल.

याच केली डॉब्सनने पुढे १९५०च्या दशकातला एक जुना मिक्सर असा बदलला की तो बटणाने नव्हे, आवाजाने चालतो. त्याच्याशी मिक्सरच्याच भाषेत बोलावे लागते. हळू गुरगुरलात तर हळू फिरतो, आवाज चढवलात तर वेग चढतो. चटणी वाटायला स्वयंपाकघरात गुरगुरणारी आजी डोळ्यांपुढे आणा! आणि एमआयटीतच शिकणाऱ्या गौरी नंदा या तरुणीने चाके लावलेले गजराचे घड्याळ केले. झोपेतच गजर थांबवून आणखी पाच मिनिटे मागितली की हे घड्याळ पुढच्या वेळी टेबलावरून उडी मारते आणि कर्कश ओरडत खोलीभर पळत सुटते. पकडायला उठावेच लागते. हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारे ‘इग नोबेल’ तिला २००५ मध्ये मिळाले, तेही अर्थशास्त्राचे. लोक लवकर उठले तर कामाचे तास वाढतील म्हणून!

दोन ‘पेशीं’चे कासव

प्रश्न किती थोडे असले तरी चालतात, याचे उत्तम उदाहरण ग्रे वॉल्टर या ब्रिटिश मेंदूशास्त्रज्ञाने दिले. १९४८-४९ मध्ये ब्रिस्टल येथे त्याने दोन यांत्रिक कासवे केली. नावे एल्मर आणि एल्सी. प्रत्येकात फक्त दोन निर्वात नळ्या, दोन मोटरी, उजेड जाणणारा एक घट आणि धक्का जाणणारे कवच. एवढ्यावर ती खोलीभर हिंडत, उजेडाकडे जात, फार प्रखर उजेड टाळत, अडथळ्याला बगल देत. विजेरी उतरली की प्रखर उजेडाची भीड चेपे आणि ती दिवा लावलेल्या आपल्या खोपट्यात भरण घ्यायला परतत. कासवाच्या नाकावर दिवा होता. आरशासमोर आले की स्वतःचाच उजेड पाहून ते अडखळत नाचू लागे. कोणी त्याला नाचायला शिकवले नव्हते. घरात आपोआप फिरून केर काढणारी आजची यंत्रे या कासवांचीच पणतवंडे.

करून पाहा

दातांचा जुना ब्रश घ्या. त्याचे केस सगळे एकाच बाजूला कललेले असावेत. सरळ असतील तर वजनाखाली दाबून ठेवून वाकवा. डोक्याचा भाग तेवढा मोठ्यांच्या मदतीने कापून घ्या. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेल्या फोनमधली थरथरणारी छोटी मोटर मिळेल. दुहेरी चिकटपट्टीने ती ब्रशच्या पाठीवर चिकटवा, तिच्या दोन तारा ३ व्होल्टच्या बटणासारख्या घटाला जोडा. (हा घट लहान भावंडांच्या हाती पडू देऊ नका. पोटात गेला तर जिवावर बेतते.) ब्रश टेबलावर ठेवताच धावू लागेल. मोटरच्या आसावर एका बाजूला जड असलेला तुकडा असतो, त्यामुळे ब्रश सेकंदाला अनेकदा उचलला आणि दाबला जातो. दाबला जाताना कललेले केस वाकून पुढे ढकलतात. मागे सरकू पाहिले तर ते जमिनीत रुततात. बैलगाडी चढावर मागे सरकू नये म्हणून चाकामागे उटी लावतात ना, तसेच.

हा ब्रश काहीच विचारत नाही. तो नगाऱ्याचाच धाकटा भाऊ. त्याला विचारता करायचे असेल तर खेळण्यातल्या गाडीच्या दोन मोटरी घ्या, डाव्या चाकाला एक, उजव्या चाकाला एक, तोल सांभाळायला पुढे एक मणी. मग पत्र्याच्या दोन लवचीक पट्ट्या पुढे मिशांसारख्या बसवा. एरवी प्रत्येक मिशी एका टाचणीला टेकलेली असेल आणि तिच्यातून मोटरचा प्रवाह जात असेल; मिशीला धक्का लागला की ती टाचणीपासून सुटावी आणि प्रवाह तुटावा. जोडणी मात्र आडवी करायची: उजव्या मिशीतून डावी मोटर, डाव्या मिशीतून उजवी. उजवीकडे भिंत लागली की डावे चाक थांबते, उजवे फिरत राहते आणि गाडी डावीकडे वळून भिंतीपासून दूर होते. जोडणी सरळ केली तर ती भिंतीतच घुसू पाहील. तेही एकदा करून पाहा.

अशा गाड्यांची कुस्तीही लावता येते. जपानमध्ये २०१४ पासून ‘हेबोकॉन’ नावाची स्पर्धा होते. ज्यांना यंत्रांतले फारसे कळत नाही त्यांनी केलेले धडपडे यंत्रमानव एकमेकांना रिंगणाबाहेर ढकलतात, आणि कोणी फार उच्च तंत्रज्ञान वापरले तर त्यालाच दंड! वर्गात रिंगण आखायला एक खडू पुरतो.

एक अडचण तुम्हांला लवकरच येईल. गाडी भिंतीवर अगदी समोरून धडकली तर दोन्ही मिशा एकदम सुटतात, दोन्ही मोटरी थांबतात आणि गाडी भिंतीला नाक लावून उभी राहते. तिसरी मोटर न घेता, हात न लावता तिला तिथून सोडवायचे आहे. दोन मिशांची लांबी सारखीच असली पाहिजे का, इथून विचाराला सुरुवात करा.